अक्षरं ओळखतो, पण शब्द वाचता येत नाही

प्रश्न: माझा मुलगा सात वर्षांचा आहे, मराठी शाळेत दुसरीत शिकतो. ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगतो, बाराखडी तोंडपाठ आहे. पण वाचायला बसवलं की ‘किरण’चं ‘करण’ होतं, घ आणि ध यांत गोंधळतो, जोडाक्षर आलं की थांबतोच. चुकलेला शब्द मी दहा वेळा लिहून घेते, तरी दुसऱ्या दिवशी तीच चूक. त्याच्या काकांनाही लहानपणी वाचन जड गेलं होतं. हा डिस्लेक्सिया, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखनात येणारी अडचण, असेल का? (एक वाचक, सातारा)

उत्तर: असू शकेल. काकांचा उल्लेख केलात ते बरं झालं, कारण ही अडचण अनेकदा घराण्यात असते. पक्कं निदान मात्र साधारण आठव्या वर्षानंतरच करतात. तोवर डोळे तपासून घ्या आणि कानांची ऑडिओमेट्री (ऐकू येण्याची तपासणी) करून घ्या. कान वाहण्याचा त्रास असेल तर ही तपासणी अजिबात टाळू नका. निदान थांबू शकतं, मदत थांबू नये.

दहा वेळा लिहून घेणं आजच बंद करा. दुसऱ्या-तिसऱ्या ओळीपासून मूल वरचा शब्द बघून फक्त आकार उतरवतं. उच्चार आणि अक्षर यांची सांगड त्यातून बसत नाही, हात मात्र दुखतो. बाराखडीचंही तसंच. मधूनच ‘पे’ दाखवून बघा. त्यासाठी त्याला ‘प, पा, पि, पी’पासून सुरुवात करावी लागली, तर ती पाठ आहे, ओळखीची नाही.

रोज पंधरा-वीस मिनिटं पुरेत, पण रोज. पहिली पाच मिनिटं वही-पुस्तक नको, फक्त कान. ‘कमळ’मधला क काढला तर काय उरलं? मळ. ‘चमचा’मधला चम काढला तर? चा. हे त्याला तोंडी जमत नसेल तर कागदावरही जमणार नाही, म्हणून इथे घाई करू नका.

मग एक चिन्ह. आधी काना: काका, मामा, बाबा, दादा. त्यानंतर दुसरी वेलांटी, कारण ती अक्षराच्या पुढे येते आणि बोलण्याचा क्रमही तोच असतो. पहिली वेलांटी उशिरा घ्या. ‘कि’ म्हणताना तोंडात क आधी येतो, कागदावर मात्र वेलांटी आधी दिसते. ‘किरण’चं ‘करण’ होण्यामागे हेच असू शकतं. रफाराचीही तीच अडचण: ‘पर्वत’मधला र बोलताना व च्या आधी येतो आणि लिहिताना त्याच्या डोक्यावर बसतो. जोडाक्षरं आणि रफार सगळ्यात शेवटी.

घ आणि ध एकाच दिवशी शेजारी ठेवून शिकवू नका, गोंधळ पक्का होतो. घ पूर्ण बसला की दोन-तीन आठवड्यांनी ध घ्या. ताटात रव्याचा पातळ थर पसरून त्यात अक्षर बोटाने गिरवायला सांगा, आणि गिरवताना उच्चार मोठ्याने हवाच. गप्प गिरवण्याचा उपयोग नाही. मग छापील अक्षराच्या शिरोरेषेवरून बोट फिरवू द्या. घ वर ते सरळ जातं, ध वर रेषा तुटते. म आणि भ मध्येही असाच फरक आहे.

शेवटची पाच-सात मिनिटं दोघांनी मिळून मोठ्याने वाचा. एक ओळ दिसेल एवढी खिडकी कापलेला पुठ्ठा पानावर ठेवा. तो अडला तर मनात पाचपर्यंत मोजा, मग शब्द सांगून पुढे चला. चित्र बघून अंदाज लावायला सांगू नका. ‘गाडी’ला ‘गाय’ वाचण्याची सवय तिथूनच लागते. झोपताना मात्र तुम्हीच वाचून दाखवा. त्याची समज चांगली आहे, वाचन अडलं म्हणून तिची उपासमार नको.

डोळ्यांचे व्यायाम आणि रंगीत चष्मे यांनी डिस्लेक्सिया बरा होत नाही. त्यावर पैसे घालवू नका.

प्रश्न: शाळेत काय सांगायचं? डिस्लेक्सियाचं प्रमाणपत्र लगेच काढावं का? (त्याच वाचक)

उत्तर: प्रमाणपत्राची आत्ता घाई नाही. वर्गशिक्षकांना भेटताना नुसती तक्रार नेऊ नका, नोंद न्या: तारीख, छापलेला शब्द, त्याने वाचलेला शब्द. महिनाभराच्या नोंदीत चुकांचा नमुना दिसतो आणि ‘आळशी आहे’ हा शेरा मागे पडतो. दोन गोष्टी मागा: वर्गासमोर अचानक वाचायला उभं करू नये, आणि जे येतं ते तोंडी विचारावं. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेषतज्ज्ञ असतात, त्यांची भेट शाळेमार्फत मागता येते.

सहा महिने नियमित सराव करूनही फारसा फरक पडला नाही, तर आठ वर्षं पूर्ण होताच तपासणी करा. बुद्ध्यांक आणि वाचन-लेखन-गणित अशा दोन्ही चाचण्या होतात. वाचनाची चाचणी मराठीतूनच व्हावी असा आग्रह धरा. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, डिस्लेक्सिया त्यातच येतो. सरकारी रुग्णालयाच्या प्रमाणपत्रावर पुढे परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक मिळतो. नोंदींची वही तपासणीला सोबत न्या.