त्या नळीचं पुढे काय झालं?

गोव्यातल्या वाळपईहून एका आईचं पत्र आलं आहे. त्यांची मुलगी बारावी विज्ञानला आहे. दिवाळीच्या सुटीत ती केप्याला मावशीकडे गेली होती, तेव्हा शेजाऱ्यांची दोन डुकरं दोन दिवसांत दगावली. सरकारी डॉक्टर आले आणि तिसऱ्या, तापाने पडलेल्या डुकराचं रक्त जांभळ्या बुचाच्या नळीत घेऊन गेले. तेव्हापासून मुलीने एकच धोशा लावला आहे, डुकरांच्या रोगांवर संशोधन करायचं. आई लिहितात, "आमच्या घरात ते मांस शिजत नाही. सासूबाई म्हणतात, एवढं शिकून डुकरंच राखायची का? यजमानांना वाटतं, एमबीबीएस नाही मिळालं तर फार्मसी बरी. यात खरंच काही पुढे आहे का?"

सप्रेम नमस्कार ताई,

पत्र दोनदा वाचलं. तुमच्या लेकीने दोन मेलेल्या डुकरांबद्दल जेवढं सांगितलं, त्याहून जास्त त्या नळीबद्दल सांगितलेलं दिसतं. बुचाचा रंगसुद्धा तिच्या लक्षात राहिला! म्हणून मीही त्या नळीच्या मागोमाग जात उत्तर देते.

डुकराचं रक्त काढणं सोपं नसतं. मी एकदा एका पशुवैद्यकांबरोबर सासष्टीत गेले होते. गड्याने डुकराच्या वरच्या जबड्यात दोरीचा फास अडकवला. ते मागे ओढत असं किंचाळत होतं की कानठळ्या बसल्या. डॉक्टर गुडघ्यावर बसले आणि मान जिथे छातीला मिळते तिथे सुई घातली. तिथली शीर डोळ्यांना दिसत नाही, हाताच्या सवयीनेच शोधावी लागते. जांभळ्या बुचाच्या नळीत रक्त गोठू न देणारं औषध असतं. हिरव्या बुचाच्या नळीतलं हेपॅरिनही तेच काम करतं, पण पुढच्या चाचणीत अडथळा आणतं. एवढ्याशा बुचाची चूक झाली तर सगळी खटपट फुकट.

घरची म्हातारी एकच विचारत होती, जगेल ना? डॉक्टर म्हणाले, अहवाल आल्याशिवाय सांगता येणार नाही. ते टाळाटाळ करत नव्हते. जोराचा ताप, लाल-जांभळे पडलेले कान, खाणं बंद, पटापट मृत्यू, ही लक्षणं डुकरांच्या जुन्या (क्लासिकल) स्वाइन फिव्हरचीही आणि आफ्रिकन स्वाइन फिव्हरचीही. नुसतं बघून अनुभवी डॉक्टरही छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण पुढचं सगळं त्या उत्तरावर अवलंबून असतं. पहिल्या रोगावर लस आहे. दुसरा निघाला तर आपल्या देशाच्या नियमानुसार एक किलोमीटरच्या परिसरातली डुकरं मारावी लागतात आणि दहा किलोमीटरपर्यंत पाळत ठेवावी लागते. माणसाला यातला कुठलाच रोग होत नाही. पण परसात चार डुकरं ठेवून मुलांची फी भरणारं घर एका आठवड्यात बसतं.

मग ती नळी बर्फात घालून निघते. आपल्या भागासाठी पुण्याला औंधमध्ये विभागीय रोगनिदान प्रयोगशाळा आहे. आफ्रिकन स्वाइन फिव्हरवर शेवटचं शिक्कामोर्तब होतं भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत. २०२० साली आसाम-अरुणाचलमध्ये हा रोग देशात पहिल्यांदा आला आणि २०२२ मध्ये केरळच्या वायनाडमध्ये, दोन्ही वेळा खात्री तिथूनच झाली. चाचणी पीसीआरची, कोरोनात आपण सगळे जी करून आलो तीच जात. विषाणूच्या जनुकातला एक ठरावीक तुकडा शोधायचा आणि तो दुप्पट, चौपट, आठपट करत दिसण्याजोगा करायचा.

पण सापडणं वेगळं आणि समजणं वेगळं. खरं संशोधन इथेच अडलंय. जुन्या स्वाइन फिव्हरच्या विषाणूची जनुकीय अक्षरं साधारण १२ हजार, कोरोनाची ३० हजार, आणि आफ्रिकन स्वाइन फिव्हरची १.७ ते १.९ लाख. दीडशेहून जास्त प्रथिनं, त्यातल्या कितीतरींचं काम अजून नीट ठाऊक नाही. डुकराच्या रक्तात विषाणूशी लढणारी प्रतिपिंडं तयार होतात, पण तेवढ्याने ते वाचत नाही. म्हणून लस इतकी वर्षं रखडली. व्हिएतनामने २०२२ मध्ये एका लसीला परवाना दिला, पण ती दुर्बळ केलेल्या जिवंत विषाणूची. तो पुन्हा उग्र झाला तर काय, ही काळजी शास्त्रज्ञांना आहे. तुमच्या लेकीला पुढची वीस वर्षं पुरेल एवढं काम यात आहे.

रोखण्याची बाजू मात्र प्रयोगशाळेबाहेरची आहे. १९५७ साली हा रोग आफ्रिकेबाहेर पहिल्यांदा गेला तो लिस्बनला. विमानातलं उरलंसुरलं अन्न विमानतळाजवळच्या डुकरांना घातलं गेलं, म्हणून. आपल्याकडे हॉटेलांतलं खरकटं पिंपं भरभरून डुकरांना जातं. खारवलेल्या, वाळवलेल्या मांसातही हा विषाणू महिनोन्महिने टिकतो. खरकटं नीट उकळून घाला, हे पटवून देणारं माणूस लसीइतकंच मोलाचं. आणि डुक्कर आजारी पडताच ते लपवून विकण्याऐवजी डॉक्टरला फोन करावा, असा विश्वास कमावणारं तर त्याहून मोलाचं.

आता मुद्द्याचं. या वाटेवर तिला नक्की कुठे उभं राहायचंय? डुकरापाशी उभं राहायचं असेल तर बीव्हीएस्सी, म्हणजे पशुवैद्यकाची पदवी, हाच रस्ता. साडेपाच वर्षं, त्यातलं शेवटचं इंटर्नशिपचं. ‘नीट’ ही प्रवेशपरीक्षा द्यावीच लागते, देशभरातल्या १५ टक्के जागा त्याच गुणांवर अखिल भारतीय कोट्यातून भरतात. त्यासाठी गोव्याबाहेर जायची तयारी ठेवा. परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासूनचं आहे. गोव्याच्या मुलांसाठी बाहेरच्या राज्यांत जागा असतील तर त्यांची चौकशी पर्वरीला तंत्रशिक्षण संचालनालयात करा. पुढे सूक्ष्मजीवशास्त्रात किंवा रोगप्रसारशास्त्रात एमव्हीएस्सी, मग बरेलीजवळच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेसारख्या (आयव्हीआरआय) ठिकाणी पीएचडी.

फक्त विषाणूच्या आत डोकवायचं असेल, तर सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञानात बीएस्सी, एमएस्सी आणि पीएचडी हाही सरळ रस्ता आहे. पण एक गोष्ट आधीच समजून घ्या. बीएस्सीवाल्याला जनावरावर उपचार करता येत नाहीत आणि पशुवैद्यकाची नोंदणीही मिळत नाही. हे कळायला उशीर झालेली मुलं मी पाहिली आहेत. म्हणून तुमच्या लेकीला दोन्ही दारं उघडी हवी असतील तर माझं मत बीव्हीएस्सीकडे झुकतं. पशुवैद्यक पुढे प्रयोगशाळेत जाऊ शकते, उलट वाट नाही.

पैशांचं सरळ सांगते. दहा-अकरा वर्षं लागतील. पीएचडीच्या काळात राष्ट्रीय फेलोशिप मिळाली तर सुरुवातीला महिना ३७ हजार. श्रीमंती नाही, पण घराकडे हात पसरावा लागणार नाही. बीव्हीएस्सी हातात असली की मध्येच थांबावं लागलं तरी पोटापाण्याची सोय आहे.

सासूबाईंना मी माकडतापाची आठवण करून देईन. २०१५ साली तो सत्तरीत आला, तेव्हा मेलेलं माकड दिसलं की कळवा, असं सगळ्यांना सांगितलं गेलं. जनावर कशाने मेलं हे शोधणारं कुणीतरी असलं, तर माणसांवर येणाऱ्या तापाची चाहूल लागते. मलेशियात १९९८-९९ मध्ये निपाह डुकरांमधूनच माणसांत आला आणि शंभरावर लोक गेले. हे काम शिकायला ते मांस खावं लागत नाही, तेव्हा घरच्या सोवळ्याला धक्का नाही.

निकालाची वाट पाहू नका. एखाद्या शनिवारी तिला तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दिवसभर बसू द्या. जुने गोव्याला एला इथल्या कृषी संशोधन केंद्रात आधी विचारून घेऊन जा. आपल्या मातीतली 'आगोंद गोवन' ही डुकराची नोंदणीकृत जात आहे, तिच्याबद्दल तिथे विचारू द्या. वास, किंचाळणं, रक्त हे सोसवतं का, ते तिचं तिला कळेल. आणि आज संध्याकाळीच केप्याला मावशीला फोन लावून त्या नमुन्याचा अहवाल काय आला, हे तिलाच विचारायला सांगा. ते तिसरं डुक्कर जगलं की नाही, मलाही कळवा.