मॅट रंगाची जुनी स्पोर्ट बाइक: पारख आणि निगा

प्रश्न : मी मानेवाडा भागात राहतो आणि रोज हिंगणा एमआयडीसीत कामाला जातो. एका दलालामार्फत यामाहा आर१५ व्ही३ ही मॅट काळ्या रंगाची, २०१९ची गाडी पाहिली आहे. मीटरवर सुमारे १८ हजार किलोमीटर दिसतात आणि इंजिनाचा आवाजही चांगला वाटला. मात्र टाकीच्या दोन्ही बाजूंना चकाकणारे डाग आहेत आणि उजव्या बाजूच्या फेअरिंगचा (इंजिनाभोवतीच्या प्लास्टिकच्या आवरणाचा) काळा रंग बाकीच्या गाडीपेक्षा थोडा वेगळा दिसतो. दलाल म्हणतो की डाग पॉलिशमुळे पडले आहेत, फेअरिंगचा रंग उन्हाने बदलला आहे आणि पुन्हा एकदा चांगली पॉलिश मारली की सगळे एकसारखे होईल. ही गाडी घ्यावी का? घेतली तर नागपूरच्या उन्हात तिचा रंग कसा सांभाळावा?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : आधी एक विनंती. दलालाने सुचवलेली पॉलिश त्या गाडीवर मारू देऊ नका. तिने रंग एकसारखा तर होणार नाहीच, उलट आज जे दिसते आहे ते समजून घेण्याची तुमची संधी जाईल.

चकचकीत रंगावरचा पारदर्शक थर गुळगुळीत असतो, म्हणून त्यावरून प्रकाश सरळ परततो. मॅट रंगाच्या वरच्या थरात सिलिकासारखी अतिशय बारीक भुकटी मिसळलेली असते. तिच्यामुळे पृष्ठभाग डोळ्यांना दिसणार नाही इतका खडबडीत राहतो आणि प्रकाश सर्व दिशांना विखुरतो. पॉलिश हा खडबडीतपणा घासून सपाट करते, मेण तो बुजवते, आणि दोन्ही वेळा हाती येते ती चकाकीच. चकचकीत रंगावरचा हलका ओरखडा वरचा थर किंचित घासून घालवता येतो. मॅट रंगावर घासाल तिथे नवा डाग पडतो. झीज झालेला भाग पूर्ववत करायचा असेल तर तो सुटा भाग संपूर्ण नव्याने रंगवावा लागतो किंवा बदलावा लागतो. मॅट रंगाची ही अडचण खरी आहे. पण याच कारणामुळे जुनी गाडी घेताना हा रंग फार उपयोगी पडतो, कारण त्यावर जे घडले ते सहजासहजी लपवता येत नाही.

टाकीवरच्या डागांविषयी दलालाचे म्हणणे मला पटत नाही. स्पोर्ट बाइकवर पुढे झुकून बसताना चालक गुडघ्यांनी आणि मांड्यांनी टाकी धरून ठेवतो, आणि जीन्सच्या जाड कापडाने तिथला रंग हळूहळू घासला जातो. डाग दोन्ही बाजूंना साधारण एकाच उंचीवर, कडा अस्पष्ट असलेले आणि मध्ये जास्त चकाकणारे असतील, तर ते घासण्याने पडलेले आहेत असे समजा. हा दोष नव्हे, वापराची खूण आहे. आता ती खूण १८ हजारांशी जुळते का ते तपासा: पायदानाचे रबर, मुठींवरची नक्षी, मागच्या ब्रेकच्या पेडलची झीज, मागच्या स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या चक्राचे, दात. दात एका दिशेला वाकून टोकदार झाले असतील आणि चेन व स्प्रॉकेटचा संच कधी बदलल्याची पावती नसेल, तर मीटरवरचा आकडा मनात धरू नका.

डाग पसरट, वेडेवाकडे आणि मागच्या पॅनेलवरही असतील, तर ते वॉशिंग सेंटरवर मारलेल्या शायनरचे, म्हणजे चकाकी आणणाऱ्या द्रवाचे, असू शकतात. शायनरमध्ये बहुधा सिलिकॉन असते. पाणी मिसळलेले आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ मायक्रोफायबरवर घेऊन, मालकाच्या परवानगीने, आधी सीटखालच्या न दिसणाऱ्या भागावर आणि तिथला रंग बिघडला नाही तर एखाद्या डागाच्या कडेवर हलकेच टिपून पाहा. चकाकी उतरली तर ती वरून बसलेली होती आणि बाकीचीही उतरण्याची आशा आहे.

खरी काळजी मला उजव्या फेअरिंगची वाटते. रोज एकाच बाजूने उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीचा रंग त्या बाजूला थोडा फिकट होऊ शकतो, पण ऊन पॅनेलच्या जोडावर येऊन थांबत नाही. टाकी, फेअरिंग आणि शेपटाकडचा भाग यांची उजवी बाजू क्रमाने फिकट होत गेलेली दिसली तर दलालाचे म्हणणे मान्य करता येईल. फरक एका जोडापाशी सुरू होऊन दुसऱ्या जोडापाशी संपत असेल, तर ते पॅनेल बदललेले किंवा पुन्हा रंगवलेले आहे. रंगाची छटा जुळवता येते, मात्र मॅटपणा जुळवणे अवघड असते, कारण तो भुकटीच्या प्रमाणावर, थराच्या जाडीवर आणि रंग वाळताना असलेल्या तापमानावरही ठरतो. हे पाहायला दुकानातले दिवे उपयोगाचे नाहीत. सकाळी गाडी उघड्यावर, पण सावलीत, उभी करायला सांगा, हेडलाइटजवळ खाली बसा आणि नजर फेअरिंगच्या पृष्ठभागाला जवळजवळ समांतर ठेवून मागे टाकीपर्यंत न्या. समोरून एकसारखे वाटणारे दोन पॅनेल तिरक्या नजरेने लगेच वेगळे पडतात. पॅनेलच्या आतल्या कडेवर आणि स्क्रूच्या भोकांत रंगाचे तुषार दिसले, तर शंका उरत नाही. टाकीच्या झाकणाभोवतीही नीट पाहा, कारण काही वेळा मॅट दिसणारी गाडी मुळात रंगवलेली नसून तिच्यावर विनाइलचे आवरण चढवलेले असते, आणि आवरणाखाली काय आहे हे कोणी आपणहून सांगत नाही.

पॅनेल रंगवलेले निघाले एवढ्यावरून गाडी नाकारू नका. उभी गाडी स्टँडवरून पडली तरी फेअरिंग फुटते. तशा पडण्यात हँडलचे टोक, लिव्हरचे टोक आणि पायदानाचे टोक घासले जाते, प्रकरण तिथेच संपते. धावती गाडी जोरात पडली असेल तर आणखी खुणा मिळतात. हँडल पूर्ण डावीकडे व पूर्ण उजवीकडे वळवून चासीवरचे स्टॉपर, म्हणजे हँडल जिथे येऊन अडते ते खुंट, पाहा: एखादा चेपलेला किंवा त्यावरचा रंग तडकलेला असेल तर पुढचे चाक कशावर तरी आदळले आहे. पुढच्या शॉकअपच्या नळीवर तेलाचे कडे आहे का ते बोटाने तपासा. गाडी सरळ चालत असताना हँडल वाकडे धरावे लागते का ते मोकळ्या रस्त्यावर, मालक सोबत असताना, पाहा. आर१५ची डेल्टाबॉक्स नावाची चासी (गाडीचा मूळ सांगाडा) वाकली असेल तर कितीही स्वस्त मिळाली तरी ती गाडी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

इंजिन थंड असतानाच सुरू करायला लावा. तुम्ही पोहोचण्याआधी ते तापवून ठेवले असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. टायरवरचा चार अंकी आकडाही वाचा: २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा.

कागदपत्रांत चासी व इंजिन क्रमांक, रंगाची नोंद आणि थकीत ई-चलन पाहा. कर्जाची नोंद असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हवा. हस्तांतरणासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. हस्तांतरण कळवण्याची मुदत राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याला १४ दिवस आणि घेणाऱ्याला ३० दिवस आहे. विम्याच्या जुन्या पॉलिसीवर नो-क्लेम बोनस (भरपाई न मागितल्याबद्दल मिळणारी सवलत) किती आहे हे आवर्जून वाचा. दरवर्षी संपूर्ण विमा घेऊनही तो शून्यावर आला असेल, तर बहुधा कधीतरी नुकसानभरपाई घेतलेली आहे, आणि फेअरिंगच्या प्रश्नाचे उत्तर तिथेच मिळू शकेल. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला तृतीय पक्षाचा विमा ५ वर्षांचा मिळतो. २०१९च्या गाडीचा तो २०२४ मध्ये संपला आहे, म्हणून पुढे काढला आहे का तेही विचारा.

स्टॉपर शाबूत असतील आणि फेअरिंगचा खुलासा प्रामाणिकपणे मिळाला, तर ही गाडी मी घेईन. त्याआधी अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये नव्या टाकीची व उजव्या फेअरिंगची किंमत विचारून घ्या आणि ती समोर ठेवूनच भाव करा. पैसे त्या भागांवर लगेच खर्च करावेत असे मात्र मी म्हणणार नाही. घासलेल्या जागी तयार टँक पॅड चिकटवले की डाग झाकतो आणि पुढची झीजही थांबते.

आता निगा. मॅट रंगाला सर्वांत जास्त इजा आपण कोरड्या फडक्याने करतो. नागपुरात उन्हाळ्याची धूळ आहे, कोराडी आणि खापरखेड्याच्या बाजूला राखही आहे. हे कण फडक्याखाली येऊन पॉलिश पेपरसारखे काम करतात. म्हणून सकाळी निघताना टाकीवर फडके मारण्याची सवय पूर्ण सोडा. आधी पाणी ओतून धूळ वाहून जाऊ द्या, मग मेण नसलेला सौम्य शाम्पू, मायक्रोफायबरचा हातमोजा आणि दोन बादल्या वापरा, एक शाम्पूची आणि एक हातमोजा खळबळून घेण्याची. उन्हात तापलेल्या गाडीवर पाणी टाकू नका, कारण एप्रिल-मे महिन्यांत शाम्पू धुण्याआधीच वाळून बसतो. बोअरच्या पाण्यातील क्षार वाळले की पांढरे ठिपके राहतात आणि ते घासून काढता येत नाहीत, म्हणून शक्यतो नळाचे पाणी घ्या आणि टॉवेल न घासता दाबून पाणी टिपा. वॉशिंग सेंटरवर गाडी देणे भाग पडले तर डिझेलचा फवारा आणि शायनर नको, हे धुणाऱ्यालाच समोर उभे राहून सांगा. बॉडी कव्हर धुतलेल्या गाडीवरच घाला. धुळीवर घातलेले कव्हर वाऱ्याने हलत राहते आणि दिवसभर रंग घासते.

कडुलिंबाखालची सावली मोहात पाडते, पण पक्ष्यांची विष्ठा उन्हात काही तासांत डाग धरते. ओले फडके त्यावर थोडा वेळ ठेवा आणि मऊ झाल्यावर उचलून घ्या. पंपावर पेट्रोल सांडले तर लगेच ओल्या कापडाने टिपा. दसऱ्याच्या पूजेत आपण टाकीवर हळद-कुंकवाचे स्वस्तिक काढतो. मॅट थराच्या खडबडीत पृष्ठभागात हळद बसली की तिचा पिवळेपणा निघता निघत नाही. पूजा मनोभावे करा, स्वस्तिक मात्र समोरच्या काचेवर काढा किंवा विड्याच्या पानावर काढून ते पान टाकीवर ठेवा. धुळवडीला गाडी घरातच राहू द्या.

सिरॅमिक कोटिंग करायचे असेल तर ते मॅट रंगासाठीच बनवलेले हवे. त्याने धुणे सोपे होते, पण गुडघ्यांची झीज थांबत नाही. पारदर्शक संरक्षक फिल्म लावणार असाल तर तीही मॅटच घ्या, नाहीतर काळी टाकी चकचकीत दिसू लागेल.

प्रश्न : माझी लाल रंगाची स्पोर्ट बाइक मॅट काळी करून घ्यायची आहे. काही अडचण येईल का?
— एक वाचक, सक्करदरा

उत्तर : नोंदणी प्रमाणपत्रात गाडीचा रंग लाल लिहिलेला आहे, म्हणून रंग बदलण्यापूर्वी परिवहन कार्यालयात अर्ज करून तशी नोंद करून घ्यावी लागेल, आणि विमा कंपनीलाही कळवावे लागेल. रंगकामाच्या दर्जाबद्दल बोलायचे तर टाकी, फेअरिंग आणि मडगार्ड एकाच दिवशी, एकाच मिश्रणातून रंगवणारा कारागीर निवडा. भाग हप्त्याहप्त्याने रंगवले तर मॅटपणा प्रत्येक वेळी वेगळा येईल. त्याच मिश्रणात एखादे जादा मडगार्ड रंगवून ठेवता आले तर अवश्य ठेवा, पुढे ते फुटले तर नव्याने रंग जुळवत बसावे लागणार नाही.