वाचकांचे प्रश्न : पाणलोटाच्या मॉडेलसाठी नकाशाची तयारी

प्रश्न : सिन्नर तालुक्यात देव नदीला मिळणाऱ्या एका ओढ्यावर आमची संस्था जलसंधारणाची कामे करणार आहे. किती पावसात किती पाणी वाहील, हे पाहण्यासाठी मी ३० मीटरचे उंचीचे रास्टर (चौकोनांची जाळी; प्रत्येक चौकोन म्हणजे पिक्सेल आणि त्यात त्या जागेची उंची) उतरवून घेतले, गावाच्या हद्दीने कापले आणि क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यातील खड्डे (चारी बाजूंनी उंच पिक्सेलांनी वेढलेल्या सखल जागा) बुजवले. परंतु उतार सगळीकडे ९० अंशांच्या जवळ आला, सपाट भागात ओढे पट्टीने आखल्यासारखे समांतर उमटले आणि पाणलोट क्षेत्र अवघ्या चार-पाच पिक्सेलांचे निघाले. कुठे चुकले? — एक वाचक, सिन्नर

उत्तर : आपण सांगितलेल्या तिन्ही दोषांची कारणे वेगवेगळी आहेत, पण ज्याची तक्रार आपण केलेली नाही, तो चौथा दोष सर्वांत मोठा आहे. गावाच्या हद्दीने रास्टर कापले की शिवेबाहेरून येणारे पाणी मॉडेलपुरते नाहीसे होते. म्हणून आधी पाणलोटापेक्षा चांगलाच मोठा भाग घ्यावा, पाणलोटाची सीमा त्यातून काढावी आणि कापायचे ते त्या सीमेने, शेवटी.

उताराचे कारण साधे आहे. उतरवलेल्या रास्टरमध्ये आडवे अंतर अंशांत असते आणि उंची मीटरमध्ये. सॉफ्टवेअर दोन्ही एकाच एककात आहेत असे धरून चालते, त्यामुळे सुमारे ३० मीटरचे अंतर त्याच्या लेखी ०.०००२८ एवढेच उरते आणि सपाट शेतालाही उभ्या कड्याचा उतार मिळतो. नाशिक जिल्हा ७२ ते ७८ अंश पूर्व रेखांशांच्या पट्ट्यात येतो. तेव्हा नकाशाचे सर्व थर यूटीएम ४३ उत्तर (संकेतांक ईपीएसजी ३२६४३) या, अंतर मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपणात आणावेत. केवळ थराच्या गुणधर्मांत प्रक्षेपणाचे नाव बदलून भागत नाही, रास्टर प्रत्यक्ष रूपांतरित करावे लागते; आणि ते करताना उंचीसाठी शेजारच्या पिक्सेलांवरून सरासरी काढणारी बायलिनियर किंवा क्यूबिक पद्धत निवडावी.

समांतर ओढ्यांचा प्रश्न अधिक विचार करण्याजोगा आहे. एसआरटीएम (अंतराळयानातून रडारने केलेली उंचीची मोजणी) यासारख्या रास्टरमध्ये उंची पूर्ण मीटरांत नोंदलेली असते, त्यामुळे सिन्नरच्या सौम्य उताराच्या पठारावर शेजारशेजारच्या कितीतरी पिक्सेलांची उंची एकच येते. त्यात खड्डे बुजवले की सपाट पट्टे आणखी रुंदावतात. प्रत्येक पिक्सेलचे पाणी आठांपैकी एकाच शेजाऱ्याकडे पाठवणाऱ्या पद्धतीला तिथे दिशा ठरवायला आधार उरत नाही, आणि ती सरळ रेघा ओढते. माझ्या मते खड्डे बुजवण्याची आज्ञा इतकी सहज हाताशी असणे हेच अशा कामातल्या निम्म्या गोंधळाचे मूळ आहे. बुजवलेल्या रास्टरमधून मूळ रास्टर वजा करावे, म्हणजे सॉफ्टवेअरने कुठे आणि किती भर घातली, हे डोळ्यांसमोर येते. त्यातला प्रत्येक मोठा डाग उपग्रहचित्रावर ठेवून पाहावा. एखादा डाग पाझर तलावाचा किंवा दगडखाणीचा असतो; तो खरा खड्डा आहे आणि तिथे पाणी खरोखरच थांबते, तेव्हा मॉडेलमध्ये त्याची साठवण म्हणून नोंद हवी. एखादा डाग मात्र रस्त्याच्या भरावाला वरच्या अंगाने चिकटलेला आढळतो. भरावाखाली मोरी असते, पण उंचीच्या रास्टरला ती दिसत नाही, आणि सॉफ्टवेअर त्या रस्त्यालाच धरण समजून मागचे खोरे भरून टाकते. अशा ठिकाणी बुजवण्याऐवजी मोरीच्या जागी भराव फोडावा, म्हणजेच त्या ओळीतील पिक्सेलांची उंची ओढ्याच्या तळाइतकी करावी.

याची दुसरी बाजूही आहे. एसआरटीएमची मोजणी फेब्रुवारी २००० मधली. सिन्नर तालुक्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाचा भराव त्यात असणे शक्य नाही, आणि प्रत्यक्षात मात्र तो पाणी अडवतो, वळवतो, ठरावीक मोऱ्यांतूनच पुढे सोडतो. आपला ओढा त्याला छेदत असेल तर मोऱ्यांच्या जागा स्वतः हिंडून नोंदवण्याला पर्याय नाही.

राहिले चार-पाच पिक्सेलांचे पाणलोट. आपण दिलेला निर्गम बिंदू (पाणलोटातले सगळे पाणी जिथून बाहेर पडते ती जागा) ओढ्याच्या पिक्सेलवर न पडता शेजारच्या बांधावर पडला असणार. प्रवाहसंचयाचे, म्हणजे प्रत्येक पिक्सेलमध्ये वरच्या किती पिक्सेलांचे पाणी येते ते सांगणारे, रास्टर उघडून बिंदू जवळच्या सर्वांत जास्त संचयाच्या पिक्सेलवर नेऊन बसवावा. किती पिक्सेलांचे पाणी जमले की ओढा सुरू झाला असे मानायचे, याची मर्यादा ठरवताना ३० मीटरचा एक पिक्सेल ९०० चौरस मीटरचा आणि एक चौरस किलोमीटर म्हणजे सुमारे १,१११ पिक्सेल, हे ध्यानात ठेवावे. उमटलेले ओढे भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० च्या नकाशाशी ताडून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

प्रश्न : वक्रांक (पावसातले किती पाणी वाहून जाईल हे ठरवणारा, जमीनवापर आणि मातीनुसार बदलणारा अंक) पद्धतीसाठी जमीनवापर आणि माती यांचे थर लागतात. द्राक्षबागांच्या भागात ते कसे तयार करावेत? — एक विद्यार्थिनी, दिंडोरी

उत्तर : प्रथम थोडे गणित, कारण त्यावरून या थरांची किंमत कळते. ५० मिलिमीटर पावसात वक्रांक ८० धरला तर नेहमीच्या सूत्राने सुमारे १४ मिलिमीटर अपधाव, म्हणजे वाहून जाणारे पाणी, येतो. ९० धरला तर सुमारे २७. दहा अंकांच्या फरकाने वाहणारे पाणी जवळजवळ दुप्पट होते.

द्राक्षबागेबाबत अडचण छाटणीची आहे. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर घेतलेल्या चित्रात बाग जवळजवळ उघड्या जमिनीसारखी दिसते आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतरही तेच होते. ऐन पावसाळ्यात मात्र वेलींचा पूर्ण मांडव असतो आणि तेव्हा आकाश ढगाळ असल्याने चांगले चित्र क्वचितच मिळते. म्हणून एका तारखेवर विसंबू नये. सेंटिनेल-२ उपग्रहांची १० मीटरची, वर्षभरातली निरनिराळी चित्रे ताडावीत आणि काही बागा प्रत्यक्ष जाऊन तपासाव्यात. प्लास्टिक अंथरलेली शेततळी वेगळी काढावीत. ती बहुधा विहिरीच्या किंवा कालव्याच्या पाण्याने भरलेली असतात, त्यांना चारी बाजूंनी उंच बांध असतो, आणि शिवारातले वाहते पाणी त्यांत शिरत नाही. त्यांना अपधाव अडवणारी साठवण मानले तर उत्तर फसवे येईल.

मातीसाठी नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेचे नकाशे आधाराला घ्यावेत. खोल काळी चिकण माती सर्वसाधारणपणे ‘ड’ गटात, म्हणजे सर्वांत कमी पाणी मुरवणाऱ्या गटात धरतात. हे थर रूपांतरित करताना बायलिनियर पद्धत चुकूनही वापरू नये. शेतीचा संकेतांक २ आणि जलाशयाचा ६ असेल तर तळ्याच्या काठावर त्यांची सरासरी ४ येईल, आणि ४ म्हणजे वस्ती असेल तर प्रत्येक तळ्याभोवती घरे उभी राहतील. वर्गांच्या थराला सर्वांत जवळच्या पिक्सेलचीच किंमत द्यावी.

प्रश्न : ब्रह्मगिरीच्या माथ्यावर गोदावरी आणि वैतरणा यांच्यातील जलविभाजक रेषा दोन रास्टरांवरून दोन ठिकाणी आली. कोणती खरी धरावी? — एक वाचक, त्र्यंबकेश्वर

उत्तर : माथा सपाट असला की रास्टरमधील उंचीच्या काही मीटरांच्या चुकीने रेषा इकडची तिकडे सरकते. दोन रेषांमधले क्षेत्रफळ काढून आपल्या पाणलोटाच्या एकूण क्षेत्राशी त्याची तुलना करावी. गंगापूर धरणापर्यंतचे पाणलोट अभ्यासायचे असेल तर तो फरक नगण्य ठरेल आणि कोणतीही रेषा चालेल. माथ्यावरच्या एखाद्या झऱ्यासाठी समतल चर आखायचे असतील, तर दोन्ही रास्टरे बाजूला ठेवून डम्पी लेव्हल (उंचीतला फरक मोजण्याचे दुर्बिणीचे उपकरण) घेऊन वर जावे.