दोन रेषा जिथे छेदतात, त्या अर्थाचं नाव आहे का?

‘छेदनबिंदू’ला जवळचं, हाक मारायला गोड असं मुलाचं किंवा मुलीचं नाव मराठीत आहे का, असा प्रश्न आहे. थेट त्याच अर्थाचं नाव मला माहीत नाही. ‘छेद’ म्हणजे कापणं, म्हणून त्यावरून नाव ठेवूच नये.

पण भूमितीतच त्याहून सुंदर शब्द आहे : संपात. सम् + पत्, म्हणजे एकत्र येऊन पडणं. त्रिकोणाच्या तिन्ही मध्यगा, म्हणजे प्रत्येक कोपऱ्यापासून समोरच्या बाजूच्या मध्यापर्यंतच्या रेषा, काढून पाहा. त्या एकाच बिंदूत भेटतात, तो मध्यगासंपात. तिथे प्रत्येक मध्यगा २:१ अशी विभागली जाते. आकाशातही हाच शब्द आहे : सूर्याचा भासमान मार्ग खगोलीय विषुववृत्ताला (पृथ्वीचं विषुववृत्त आकाशात वाढवलं की होणारं वर्तुळ) छेदतो ते दोन संपातबिंदू. त्यातला वसंतसंपात २०-२१ मार्चच्या सुमारास येतो.

नाव म्हणून मात्र ‘संपात’ रुळलेलं नाही. मुलासाठी ‘संगम’ घ्या, अर्थ एकत्र येणं. मुलीसाठी ‘त्रिवेणी’, तीन प्रवाहांची भेट. भूमितीच्या भाषेत म्हणाल तर तीन एकसंपाती रेषाच. ‘संध्या’सुद्धा संधीचीच, दिवस आणि रात्र जुळतात ती वेळ. मला विचाराल तर संध्या. दोन अक्षरी, आणि अर्थ नेमका.