पाटल्या देऊ नकोस, आधी कागद माग

कागल तालुक्यातल्या एका भगिनीचं पत्र आहे. नाव-गाव गाळून, थोडं कमी करून देते.

"मावशी, माझे मालक मराठा लाइट इन्फंट्रीत १७ वर्षं काढून दोन वर्षांपूर्वी पेन्शनवर आले. दीड एकर ऊस, घराचं कर्ज, थोरली बारावीला. मालक एमआयडीसीत एका कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटीला जातात, पगार १६ हजार. आता पलटणीतल्या एका जोडीदारानं इराकची नोकरी आणली आहे. तेल कंपनीचा कॅम्प राखायचा, महिना १ लाख ८० हजार. एजंटला ३ लाख द्यायचे. व्हिसा आधी दुबईचा, करार तिथं गेल्यावर. त्या पैशासाठी ते माझ्या पाटल्या मागतात. मी नको म्हणाले तर म्हणतात, 'काश्मीरला होतो तेव्हा नाही भ्यालीस, आत्ताच काय झालं?' मला उत्तर सुचलं नाही. सासूबाई म्हणतात, जाऊ दे त्याला. मी त्यांच्या आडवी येते आहे का?"

मावशी म्हणालीस, म्हणून अगं-तुगंच करते. नाही गं, तू आडवी येत नाहीस. घरात ज्या प्रश्नाला कुणी हात घालत नाही, तो तू विचारते आहेस.

तुला न सुचलेलं उत्तर आधी सांगते. काश्मीरला धोका होताच, पण तिथं मालकांच्या मागं पलटण होती. गोळी लागली असती तर उचलून आर्मी हॉस्पिटलात नेलं असतं, पगार चालू राहिला असता. त्याहून वाईट काही झालं असतं तर अधिकारी तुझ्या दारात आला असता, आणि विशेष निवृत्तिवेतनाचा हक्क तुझा होता. कंपनीच्या बंदूकधाऱ्याच्या मागं फक्त एक कागद असतो. उद्या तिकडं काही झालं तर तुला त्यांच्या पेन्शनीवरचं साधं कुटुंब निवृत्तिवेतन मिळेल, बाकी सगळं त्या कागदावर काय लिहिलंय त्यावर. आणि तुमच्याकडं तर अजून तो कागदच नाही. अमेरिकेच्या ब्राऊन विद्यापीठातले अभ्यासक २००१ नंतरच्या अमेरिकी युद्धांचा हिशेब ठेवतात. त्यांच्या अंदाजानं त्यात अमेरिकी सैनिक ७ हजारांच्या आसपास गेले आणि कंत्राटी माणसं ८ हजारांच्या आसपास. अंदाज म्हणायचं कारण असं, की सैनिकांची नावं सरकार जाहीर करतं, कंत्राटी माणसांची मोजदादच पुरी होत नाही. त्यात परदेशातून आणलेले गरीब घरचे गार्ड, ड्रायव्हर, स्वयंपाकी मोजायचे हमखास राहून जातात.

काबूलमध्ये २० जून २०१६ च्या सकाळी एक मिनीबस निघाली. आत कॅनडाच्या दूतावासावर पहारा करणारे गार्ड होते, बहुतेक नेपाळी, काही भारतीय. दूतावासाच्या आत-बाहेर काय चिलखत आणि काय भिंती असतात ते मालकांना सांगायला नको, पण ही बस साधी होती, पत्र्याची. आत्मघातकी हल्लेखोर पायी चालत आला. १३ नेपाळी आणि २ भारतीय त्यात गेले. ते भारतीय डेहराडूनकडचे होते. या कामात हेच बघावं लागतं. गार्ड हा सगळ्यात बाहेरचा माणूस. ज्याला मारायचं त्याच्यापर्यंत जायच्या वाटेवर तो उभा असतो, म्हणून पहिला घाव त्याच्यावर. ड्युटीवर जाता-येता तर तो आणखी उघडा. म्हणून मालकांना पगार किती ते विचारू नकोस. कॅम्पपासून झोपायच्या जागेपर्यंत कुठल्या गाडीतून नेणार, ते विचार. सतरा वर्षं फौजेत काढलेल्या माणसाला हा प्रश्न लगेच कळतो.

माझा मावसभाऊ असाच २०११ साली अफगाणिस्तानात एका तळाच्या गेटवर होता. दीड वर्षात परत आला. बाहेरून धडधाकट, पण डाव्या कानानं ऐकू येत नाही. गेटपासून थोड्या अंतरावर ट्रक उडवला होता. उपचाराचे पैसे मागितले तेव्हा कळलं, की ज्या कंपनीचा शिक्का त्याच्या ओळखपत्रावर होता तिनं त्याला नेमलंच नव्हतं. नेमणारी दुसरीच, तिनं काम तिसरीकडून घेतलेलं, आणि त्या तिसरीचा फोन बंद. पहिल्या उन्हाळ्यात आम्ही सगळे रंकाळ्यावर गेलो होतो. भेळेची कागदी पुडी हातात घेऊन तो बसायलाच तयार होईना. शेवटी गाड्यामागं कट्ट्याची भिंत होती, तिला पाठ लावून, रस्त्याकडं तोंड करून बसला. लेकरं पाण्याकडं ओढत होती. पुडीतली भेळ तशीच मऊ झाली.

आता तुझ्या पत्रातली मला सगळ्यात जास्त टोचलेली ओळ सांगते. पगार नाही, इराकही नाही. "करार तिथं गेल्यावर." माणसाला एका जागेचं नाव सांगून दुसरीकडं न्यायचं, हीच या धंद्यातली जुनी खोड. २००४ साली जॉर्डनमध्ये नोकरी म्हणून निघालेली १२ नेपाळी मुलं इराकमध्ये नेली, वाटेत अतिरेक्यांनी धरली आणि सगळ्यांना मारलं. अलीकडं, २०२४ मध्ये, कोलंबियाचे निवृत्त सैनिक, म्हणजे तुझ्या मालकांसारखेच पेन्शनवर आलेले जवान, अमिरातीत तेलाच्या ठिकाणी पहारा म्हणून निघाले आणि लिबियामार्गे सुदानच्या लढाईत पोचले. आपल्याकडचीही पोरं 'हेल्पर'ची नोकरी म्हणून रशियाला गेली आणि युक्रेनच्या खंदकात निघाली. जानेवारी २०२५ मध्ये आपल्या परराष्ट्र खात्यानं सांगितलेला आकडा होता १२६ जणांचा. त्यातले १२ मृत, १६ बेपत्ता. पासपोर्ट एकदा दुसऱ्याच्या हातात गेला, की "मी यासाठी आलो नव्हतो" हे कुणाला सांगणार?

इराकला जाऊन नीट कमवून आलेलेही आहेत, हे मी नाकारत नाही. पण ते कागद हातात घेऊन गेले.

एजंटचा परवाना क्रमांक माग आणि परराष्ट्र खात्याच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपास. तुझी थोरली पाच मिनिटांत काढून देईल. परवानाधारक एजंटला ३० हजार आणि त्यावरचा जीएसटी, एवढेच घेता येतात, तेही पावती देऊन. जो ३ लाख मागतो, त्यानं तिथंच स्वतःची ओळख दिली. मधला जोडीदार मनानं चांगलाही असेल, पण कायद्यात उप-एजंट ही चीजच नाही. आणखी एक मेख आहे, ती फौजी घरांत फारशी माहीत नसते. इराकला कामाला जाणाऱ्या कमी शिकलेल्या माणसाला सरकारची परवानगी घ्यावी लागते, तेव्हा करार तपासला जातो. दहावी पास माणसाच्या पासपोर्टला ती अट लागत नाही. मालक दहावी पास असतील तर विमानतळावर त्यांना कुणी अडवणार नाही, आणि म्हणूनच त्यांचा करारही कुणी बघणार नाही. तो तुम्हीच बघायचा. नोकरी देणारी खरी कंपनी कुठली, जागा कुठली, जखमी झाल्यावर दवाखाना आणि परतीचं तिकीट कुणाचं, मृत्यू झाला तर किती आणि कुणाला, हे सगळं त्यावर लिहिलेलं पाहिजे. साध्या अपघात विम्यात युद्धाची जोखीम बहुतेक वेळा वगळलेली असते, ते कलम बारीक अक्षरात असतं, शोधून वाच. काम अमेरिकी सरकारच्या कंत्राटाखालचं असेल तर १९४१ पासूनचा 'डिफेन्स बेस अ‍ॅक्ट' आहे. त्यात परदेशी कामगार आणि त्याची बायकोही भरपाई मागू शकते. पण मुदत साधारण वर्षाची, आणि आपणहून कुणी सांगायला येत नाही. म्हणून कंत्राट कुणाचं, हे आत्ताच लिहून घ्यायचं.

आता मालकांविषयी. पत्राच्या मागच्या बाजूला, जणू सांगायचं राहिलं म्हणून, तू लिहिलंस की ते रोज रात्री गेटवर घालायचे बूट पलटणीतल्यासारखे चकचकीत पॉलिश करतात आणि सकाळी न बोलता जातात. ती ओळ मी तीनदा वाचली. कर्ज आहेच, पण मला वाटतं ते १ लाख ८० हजारांपेक्षा पुन्हा 'जवान' व्हायला निघाले आहेत. ज्या माणसाला पलटणीत हुद्द्यानं हाक मारायचे, त्याला कुणीतरी पंचविशीतला सुपरवायझर "ए वॉचमन" म्हणत असेल. तिथं तू "जाऊ नका, मला भीती वाटते" म्हणालीस, तर त्यांना ऐकू येणार, 'तुमच्यात आता दम नाही.' म्हणून भीतीचं बोलू नकोस. पलटणीत हुकुमाचा कागद आल्याशिवाय तुम्ही हललात का कधी, एवढंच विचार. आणि मग गप्प बस, त्यांना बोलू दे.

इथंही वाटा आहेत, आणि त्या फौजीपणा न सोडता आहेत. डिफेन्स सिक्युरिटी कोअर, म्हणजे संरक्षण खात्याच्या जागा राखणारं दल, त्यात निवृत्त जवानांना पुन्हा भरती करून घेतात. वर्दी तीच, सरकारही तेच. वयाची आणि निवृत्तीनंतर किती वर्षांत अर्ज करायचा याची अट असते, म्हणून याच आठवड्यात विचारा. माजी सैनिकांचं महामंडळ, मेस्को, सुरक्षा रक्षकांची कामं देतं. राज्य सरकारच्या क आणि ड गटाच्या भरतीत माजी सैनिकांना १५ टक्के जागा राखीव आहेत. हे सगळं कोल्हापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एका फेरीत कळतं. तू सोबत जा. पगार इराकचा मिळणार नाही, हे खरं आहे, आणि कर्जाचा हप्ता तेवढ्यानं सुटणार नाही. बँकेत जाऊन मुदत वाढवून मागायला लाज वाटू देऊ नका. ऊसवाल्या घरात हे पहिल्यांदा होत नाहीये.

सासूबाईंना काबूलच्या त्या बसची गोष्ट सांग. त्या "जाऊ दे" म्हणतात, कारण त्यांनी मुलाला एकदा फौजेत पाठवलंय आणि तो परत आलाय.

पाटल्या हातातच असू देत. एजंटनं करार पाठवलाच, तर सही करायच्या आधी त्याची झेरॉक्स मला पोस्टानं पाठव. कसबा बावड्याच्या कोर्टात माझी एक मैत्रीण वकील आहे, तिच्याकडून ओळ न् ओळ वाचून घेते आणि मराठीत लिहून तुला कळवते.

तुझी,
मावशी