कढईत दूध किती, घुमटाला रंग किती?

गोल वस्तूंच्या मापाबद्दल इंदूरच्या वाचकांची बरीच पत्रे साठली होती, त्यांतली काही इथे घेतली आहेत. सूत्र चुकल्याचे एखाददुसरेच पत्र आहे. खरा घोळ दिसतो तो त्रिज्या कुठून कुठे मोजायची यात, आणि जे अर्धगोल नाही त्याला अर्धगोल धरण्यात. हिशेबात ‘पाय’ (π, म्हणजे परीघ भागिले व्यास) ३.१४१६ घेतला आहे.

प्रश्न : सराफ्याच्या बाजूला माझं दूध-रबडीचं छोटं दुकान आहे. नवी लोखंडी कढई घेतली. तोंडाचा आतला व्यास ६० से.मी., मधली खोली १८ से.मी. मुलानं अर्धगोलाचं सूत्र लावून साडेछप्पन लिटर मावेल असं सांगितलं. प्रत्यक्षात तीस लिटरसुद्धा मावत नाही. सूत्र चुकलं की कढई?

उत्तर : सूत्रही ठीक, कढईही ठीक. फक्त ते सूत्र या कढईचे नव्हे. तोंड ६० से.मी. असलेला अर्धगोल ३० से.मी. खोल असायला हवा, तुमची कढई १८ आहे. म्हणजे ती एका मोठ्या गोलाचा वरून कापून घेतलेला उथळ तुकडा झाली. बाजारातल्या जवळजवळ सगळ्याच कढया अशा असतात.

अशा तुकड्याचे घनफळ काढायला दोनच मापे लागतात : तोंडाची त्रिज्या आणि खोली. त्रिज्येच्या वर्गाची तिप्पट करा, त्यात खोलीचा वर्ग मिळवा, बेरजेला खोलीने व पायने गुणा आणि ६ ने भागा. तुमच्या कढईत त्रिज्या ३०, तिच्या वर्गाची तिप्पट २७००, खोलीचा वर्ग ३२४, बेरीज ३०२४. तिला १८ ने आणि ३.१४१६ ने गुणून ६ ने भागले की साधारण २८,५०० घन से.मी., म्हणजे साडेअठ्ठावीस लिटर. हे अगदी काठोकाठ. दूध उतू जाते, तेव्हा वर तीन-चार से.मी. मोकळे सोडा. १५ से.मी. पर्यंत भरले तर साडेवीस लिटर बसते. कामाची कढई एवढीच समजा.

खोली मोजताना तोंडावर सरळ पट्टी किंवा पाइप आडवा ठेवा आणि त्याच्या खालच्या कडेपासून बुडापर्यंत उभे माप घ्या. टेप कढईच्या आतल्या वळणावरून फिरवून घेतलेली लांबी खोली नसते, ती नेहमी जास्तच भरते.

आता तुम्ही विचारले नाही, पण रबडीवाल्याला याहून उपयोगी पडेल अशी गोष्ट. कढई ज्या गोलाचा तुकडा आहे त्याची त्रिज्या काढा : तोंडाच्या त्रिज्येचा वर्ग अधिक खोलीचा वर्ग, भागिले खोलीची दुप्पट. ९०० अधिक ३२४ म्हणजे १२२४, भागिले ३६, उत्तर ३४ से.मी. हा आकडा हाती आला की कुठल्याही पातळीला दूध किती ते कळते : पातळीचा वर्ग, गुणिले (१०२ वजा पातळी), गुणिले १.०४७२. यात १०२ म्हणजे ३४ ची तिप्पट, आणि १.०४७२ म्हणजे पायचा तिसरा हिस्सा. ६ से.मी. ला ३.६ लिटर, ९ ला ७.९, १२ ला १३.६, १५ ला २०.५. एका स्टीलच्या पट्टीवर या खुणा कोरून घ्या.

खोली निम्मी झाली की दूध निम्मे उरले असे वाटते, आणि इथेच फसगत होते. या कढईत ९ से.मी. ला एकूण मापाच्या २८ टक्केच दूध असते. १२ से.मी. पर्यंत भरलेले साडेतेरा लिटर दूध तुम्हाला एक तृतीयांश उरेपर्यंत आटवायचे आहे असे समजा. नुसत्या नजरेने ४ से.मी. ची वाट पाहिलीत तर तिथे १.६ लिटरच उरते, म्हणजे जेमतेम आठवा हिस्सा; तोवर बुडाला करपलेले असते. तिसरा हिस्सा, साडेचार लिटर, येतो पावणेसात से.मी. ला. (आटलेल्या दुधात पट्टी उभी धरताना ती कढईच्या मधोमध बुडाला टेकली पाहिजे, दोन बोटे बाजूला सरकली की माप कमी दाखवते.)

हे सगळे कढई खरोखर गोलाचा तुकडा असेल तर. एक सोपी परीक्षा आहे. मध्यापासून १५ से.मी. बाजूला, म्हणजे मध्य आणि काठ यांच्या अर्ध्या वाटेवर, खोली मोजा. तुमच्या मापांच्या गोल कढईत ती साडेचौदा से.मी. यायला हवी. सोळा-सतरा आली तर बूड सपाट आहे आणि दूध हिशेबापेक्षा जास्त मावेल. तशा कढईला सूत्र लावत बसू नका. लिटरच्या मापाने पाणी ओतत जा आणि पट्टीवर खुणा करा.

प्रश्न : गणपतीत आमचं महिला मंडळ बुंदीचे लाडू करतं. ४ से.मी. व्यासाचे २०० लाडू होतात तेवढ्याच मिश्रणात ५ से.मी. चे किती होतील? वर चांदीचा वर्ख लावतो, तो जास्त लागेल का?

उत्तर : १०२. व्यास सव्वापट झाला की वजन सव्वाच्या घनाने, म्हणजे १.९५ पटीने वाढते, एक से.मी. वाढवायला गेलात की लाडू निम्मे झाले. वर्ख मात्र उलट कमी लागेल. एका लाडवाचे पृष्ठफळ १.५६ पट होते, पण लाडू इतके घटतात की एकूण पृष्ठफळ पहिल्याच्या ८० टक्केच भरते. ठरावीक वजनाचाच लाडू हवा असेल तर व्यास मोजू नका, काट्यावर तोलून वळा. ताजा लाडू ताटात बसतो आणि खालून चपटा होतो.

प्रश्न : आमच्या कॉलनीतल्या मंदिराच्या घुमटाला बाहेरून रंग द्यायचा आहे. घुमट खाली १४ फूट रुंद, उंची ५ फूट. पेंटरनं ३०८ चौरस फुटांचं बिल धरलं आहे. ते बरोबर आहे का? घुमटाखाली फूटभर उंच गोल भिंत आहे, ती वेगळी धरायची का?

उत्तर : पेंटरने ७ फूट त्रिज्येचा पूर्ण अर्धगोल धरला आहे. तुमचा घुमट ७ नाही, ५ फूट उंच आहे. इथेही तोच कापलेला तुकडा. त्याचे वक्रपृष्ठफळ म्हणजे तळाच्या त्रिज्येचा वर्ग अधिक उंचीचा वर्ग, गुणिले पाय : ४९ अधिक २५, ७४, गुणिले ३.१४१६, म्हणजे २३२.५ चौरस फूट. बिलात ७५ चौरस फूट जास्त आहेत. खालची गोल भिंत, म्हणजे घुमटाचा गळा, वेगळीच धरायची. ती वृत्तचिती आहे : परीघ ४४ फूट, उंची १ फूट, ४४ चौरस फूट. दोन्ही मिळून २७६ किंवा २७७. पेंटरशी बोलण्याआधी त्याने ३०८ मध्ये गळा धरला आहे का ते विचारून घ्या. धरला असेल तर भांडण बत्तीस फुटांचेच उरते.

उंची घेताना घाई करू नका, सगळा हिशेब तिच्यावर आहे. गवंड्याची पाण्याची लेव्हल नळी वापरा. एक टोक घुमटाच्या माथ्याच्या पातळीला, दुसरे काठाबाहेर उभ्या धरलेल्या बांबूला; पाणी जिथे स्थिरावेल तिथून घुमट सुरू होतो त्या रेषेपर्यंत खाली मोजा. कळसाची उंची यात धरायची नाही. घुमट आतून मोकळा असेल तर आणखी सोपे : आतल्या माथ्यापासून आतल्या कडेपर्यंत दोरी सरळ ताणा, तिच्या लांबीचा वर्ग गुणिले पाय म्हणजे आतल्या बाजूचे पृष्ठफळ. बाहेरचे त्याहून थोडे जास्त असणार, कारण मध्ये भिंतीची जाडी आहे.

ही दोरी सरळ ताणलेलीच हवी. घुमटाच्या पाठीवरून, वळणावरून टाकलेली दोरी या सूत्रात घातली तर चूक होते. तुमच्या घुमटावर माथ्यापासून काठापर्यंत वळणावरून सुमारे ९.२ फूट भरतील. त्याचा वर्ग करून पायने गुणलेत की २६५ च्या आसपास उत्तर येईल, खऱ्यापेक्षा चौदा टक्के जास्त.

माथ्याकडचे दोन फूट पांढरे आणि खालचे तीन फूट केशरी, असेही तुम्ही पत्रात लिहिले आहे. माथा निमुळता दिसतो म्हणून पांढरा कमी लागेल असे वाटणे साहजिक आहे, पण गोलावर तसे होत नाही. उभ्या उंचीच्या प्रत्येक फुटाला, तो माथ्याजवळचा असो की काठाजवळचा, सारखेच पृष्ठफळ येते. तुमचा घुमट ७.४ फूट त्रिज्येच्या गोलाचा आहे, म्हणून प्रत्येक फुटाला ४६.५ चौरस फूट. पांढरा ९३, केशरी १३९.५. वर पट्ट्याचा घेर लहान होतो खरा, पण तिथला उतार सपाट असल्याने पट्टा तितकाच रुंद होतो. हे आर्किमिडीजने ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात सिद्ध केले.

घुमट कांद्यासारखा फुगीर असेल, टोकदार असेल किंवा खाली पाकळ्या असतील तर वरचे काहीच लावू नका. फूट-फूट रुंदीचे आडवे पट्टे पाडा, रुंदी उतारावरून मोजा, प्रत्येक पट्ट्याच्या मधोमध घेर घ्या, गुणाकार करून बेरीज करा.

प्रश्न : मी नववीत आहे. टेनिसचा नाही, लेदरचा क्रिकेटचा चेंडू मोजला, व्यास ७.१३ से.मी. माझं उत्तर १५१८ घन से.मी. आलं, मैत्रिणीचं १९०. कुणाचं बरोबर? आणि २२/७ घ्यायचं की ३.१४?

उत्तर : मैत्रिणीचे. तू त्रिज्येच्या जागी व्यास घातलास. घनफळ, म्हणजे तुझ्या शाळेतले आयतन, बरोबर आठपट आले की हीच चूक असते. पृष्ठफळ चौपट येते. उत्तर तपासायला आणखी एक उपाय आहे. ७.१३ से.मी. व्यासाचा चेंडू जेमतेम मावेल असा खोका घे, त्याचे घनफळ ३६२ घन से.मी. खोक्यात मावणारा चेंडू खोक्याहून मोठा कसा असेल? गोल नेहमी अशा खोक्याची ५२ टक्के जागा व्यापतो, निम्म्याहून थोडी जास्त.

चेंडूचा व्यास पट्टीने मोजण्यापेक्षा कागदाची पट्टी गुंडाळून परीघ मोज. दोरा ताणला जातो, कागद ताणला जात नाही. पट्टीवर १ मिमी इकडेतिकडे झाला तर व्यास १.४ टक्के चुकतो आणि घनफळात ती चूक तिप्पट होते, म्हणजे सव्वाचार टक्के. परीघात तोच १ मिमी चुकला तर घनफळ १.३ टक्केच हलते. परीघावरून थेट काढता येते : परीघाचा घन भागिले ५९.२. तुझा परीघ २२.४ से.मी., उत्तर १८९.८. पुरुषांच्या क्रिकेटच्या नियमात परीघ २२.४ ते २२.९ से.मी. चालतो, २२.९ च्या चेंडूचे घनफळ जवळजवळ २०३ येते. अर्ध्या से.मी. च्या सवलतीत तेरा घन से.मी. बसतात. शिवणीवरून पट्टी नेलीस तर आकडा फुगेल, शिवणीला काटकोनात, ती दोनच ठिकाणी ओलांडेल अशी गुंडाळ.

२२/७ चार शतांश टक्के जास्त आहे, ३.१४ पाच शतांश टक्के कमी. मोजण्यातली चूक याच्या कितीतरी पट असते. परीक्षेत जे दिले असेल ते घे; काहीच दिले नसेल आणि त्रिज्येला ७ ने भाग जात असेल तर २२/७. एकक लिहायला मात्र विसरू नकोस. त्रिज्या ३ असली की पृष्ठफळ आणि घनफळ दोन्हींचा आकडा ११३.१ येतो, फरक फक्त चौरस आणि घन एवढाच.

प्रश्न : गोलाच्या पृष्ठफळाला त्रिज्येनं गुणून ३ नं भागलं की घनफळ मिळतं. हा ३ येतो कुठून?

उत्तर : गोलाचे केंद्रापर्यंत जाणारे असंख्य बारीक सुळके कापले आहेत अशी कल्पना करा. प्रत्येकाचा तळ पृष्ठभागावर, टोक केंद्रात, उंची त्रिज्येइतकी. सुळक्याचे घनफळ तळ गुणिले उंची भागिले ३. सगळ्या तळांची बेरीज म्हणजे गोलाचे पृष्ठफळ. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लीलावतीत हाच नियम व्यासात सांगितला आहे : वर्तुळाच्या क्षेत्रफळाची चौपट म्हणजे गोलाचे पृष्ठफळ, त्याला व्यासाने गुणून ६ ने भागले की घनफळ. उदाहरण ७ व्यासाचे, पाय ३९२७/१२५०. त्याआधी ४९९ मध्ये आर्यभटाने दिलेला घनफळाचा नियम, वर्तुळाचे क्षेत्रफळ गुणिले त्याचेच वर्गमूळ, खऱ्यापेक्षा ३३ टक्के जास्त उत्तर देतो. एवढ्या मोठ्या गणितीचा नियम म्हणून तो झाकून ठेवायचे कारण नाही.

प्रश्न : सियागंजाच्या घाऊक बाजारातून सायकलचे छर्रे किलोवर आणतो. १ किलोत पाव इंची किती बसायला हवेत?

उत्तर : सुमारे ९५५. पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी, घनफळ ०.१३४ घन से.मी.; पोलादाची घनता ७.८ धरून एकाचे वजन १.०५ ग्रॅमला किंचित कमी. किलोत ११३० च्या पुढे निघाले तर तुम्हाला ६ मिमीचे मिळाले आहेत. नजरेला ते सारखेच दिसतात, पण मागच्या चाकाच्या हबमध्ये सैल बसून, ज्यांत ते फिरतात त्या वाट्या झिजवतात. शंभर छर्रे मोजून तोला : पाव इंची असतील तर साधारण १०५ ग्रॅम, ६ मिमीचे असतील तर ८८.