वेगळं होण्याचा करार लिहिताना

बडोदे

प्रिय बाळ, अनेक आशीर्वाद.

तुझी अशील आणि तिचा नवरा यांच्या वेगळं होण्याच्या कराराचा तुझा मसुदा वाचला. पहिल्याच पानावरचं "आजपासून विवाह संपुष्टात आला" हे वाक्य आधी काढ. नोटरीच्या शिक्क्याने हिंदू विवाह मोडत नाही. ज्ञातीत फारकतीची रूढी सिद्ध करता आली तर गोष्ट वेगळी. या दोघांचं तसं नाही. कोर्टाचा हुकूम होईपर्यंत ते नवरा-बायकोच आहेत, हे त्यांना स्पष्ट सांग.

तिची आई "आपल्यात असलं होत नाही" म्हणून रडते, असं लिहिलंस. त्यांना शांतपणे सांग की आपल्या बडोदे संस्थानात 1931 सालीच हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला होता. देशभरासाठीचा हिंदू विवाह कायदा 1955 चा.

पैशांचं कलम मला मुळीच पटलं नाही. "योग्य ती रक्कम" म्हणजे किती? कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यात, दरवर्षी किती वाढ, शाळेची फी कोण भरणार, हे सगळं लिही. लेकीच्या पोटगीवर आईने पाणी सोडलं तरी लेकीचा हक्क जात नाही, म्हणून ती ओळ खोडून टाक. स्त्रीधनाची यादी वजनासकट हवी: पाटल्या, तोडे, चांदीची ताटं. लॉकर कोणाच्या नावावर, किल्ली कोणाकडे, तेही. वस्तू हातात पडल्याशिवाय "मिळाल्या" असं तिच्याकडून लिहून घेऊ नकोस.

लेकीच्या भेटींना तू एकच ओळ दिलीस. भांडणं नेमकी तिथेच होतात गं! दिवाळी, उत्तरायण, नवरात्रीच्या रात्री, मे महिन्याची सुट्टी, एकेक ठरवून घे. आणायला कोण जाणार, तेही.

वेगळं राहायला लागल्याची तारीख अचूक घाल. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13 ब खाली, म्हणजे परस्पर संमतीच्या घटस्फोटासाठी, अर्ज करायला वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. अर्जानंतर थांबायचे सहा महिने योग्य प्रकरणात माफ होऊ शकतात, असं सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये म्हटलं आहे. पण हुकूम होईपर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकतं, म्हणून रक्कम टप्प्याटप्प्याने ठेव. त्यांचं मन अजून दोलायमान असेल तर कलम 10 चा न्यायिक विभक्ततेचा मार्गही समजावून सांग. त्यात लग्न कायम राहतं.

सही करण्याआधी तिला एकटीला बसवून सगळा करार मराठीत वाचून दाखव. माहेरचंही कोणी खोलीत नको. आणि नवऱ्याला स्वतःचा वकील करायला सांग. तू दोघांची वकील होऊ शकत नाहीस.

तुझी,
ताई